मामा, तुम्हाला काय होतंय?

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक माणूस चाकाच्या खुर्चीत बसून भीक मागतोय. लढाईतून अपंग होऊन परत आलेला. समोरून ऑफिसला जाणारी गर्दी धो धो वाहतेय, त्यातला एकजण न थांबता नाणं फेकतो आणि निघून जातो. शेजारी उभा असलेला जॅक वैतागतो, अरे याने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! त्यावर खुर्चीतला माणूस शांतपणे सांगतो की बघायला लागू नये म्हणूनच तर तो पैसे देतो. आणि पुढे स्वतःचा धंदाच समजावून सांगतो, म्हणजे एखाद्या नोकरदाराला साहेबाचा इतका राग येतो की कात्री घेऊन साहेबाच्या हातात खुपसावी असं वाटतं, तेवढ्यात त्याला मी आठवतो, तो म्हणतो जाऊ दे, आपले हातपाय तरी शाबूत आहेत, भीक तर नाही ना मागत आपण, आणि कात्री खाली ठेवतो. मी म्हणजे एक प्रकारचा लाल सिग्नल आहे.

टॉम वेट्स हा गायक त्या खुर्चीत बसलाय. सीन जेमतेम दोन मिनिटांचा, तो माणूस सिनेमात पुन्हा कुठे येत नाही, कथेला त्याची गरजही नाही. पण ‘द फिशर किंग’ कशाबद्दल आहे असं कोणी विचारलं तर मी हाच सीन सांगतो, ग्रेल, म्हणजे दंतकथेतला तो पवित्र प्याला, वगैरे नंतर.

सिनेमा १९९१ चा. टेरी गिलियमने डायरेक्ट केलेला, रिचर्ड लाग्रेव्हेनीजने लिहिलेला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी भराभर सांगतो. जॅक लुकास हा रेडिओवरचा माजोरडा जॉकी, लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांची टर उडवायची हे याचं काम. एडविन नावाचा एक एकटा माणूस फोन करतो, एका उच्चभ्रू बारमध्ये भेटलेली मुलगी त्याला आवडलेली असते, जॅक त्याला तोंडाला येईल ते ऐकवतो, त्या बारमधली असली माणसं म्हणजे माणसंच नाहीत, त्यांना थांबवायला पाहिजे वगैरे. बोलतो आणि विसरतो. संध्याकाळी घरी हा एका सिरियलसाठी डायलॉग घोकत असतो, डायलॉग काय तर ‘माफ करा हं मला!’, कॉमेडी डायलॉग आहे तो, वेगवेगळ्या सुरात म्हणून बघतोय, आणि टीव्हीवर बातमी येते की एडविनने त्या बारमध्ये जाऊन लोकांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला. तीन वर्षांनी जॅक दारूत बुडालेला, ॲन नावाच्या बाईच्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात तिच्याच जिवावर राहतोय. एका रात्री पायाला दगड बांधून नदीत उडी मारायला निघालेला असताना दोन पोरं त्याला बेघर समजून त्याच्यावर पेट्रोल ओततात, आणि अंधारातून पॅरी नावाचा खराखुरा बेघर माणूस प्रकट होऊन त्याला वाचवतो. पॅरी म्हणजे रॉबिन विल्यम्स. तो स्वतःला ग्रेल शोधणारा सरदार समजतो, ग्रेल मॅनहॅटनमधल्या एका अब्जाधीशाच्या किल्ल्यासारख्या घरात फडताळावर आहे असं त्याने मासिकातल्या फोटोत बघितलंय, आणि एक लालभडक, ज्वाळा सोडणारा घोडेस्वार त्याचा पाठलाग करतो, जो फक्त त्यालाच दिसतो. मग जॅकला कळतं की हा पॅरी म्हणजे कॉलेजात शिकवणारा प्रोफेसर होता आणि त्या बारमध्ये त्याच्या डोळ्यांदेखत त्याची बायको मेली.

आता प्रश्न असा की हे असं करावं का. म्हणजे रस्त्यावर राहणारी, डोकं फिरलेली माणसं हा शहराचा खराखुरा, घाण मारणारा प्रश्न, त्यात ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरच्या काळातले सरदार आणि जादूचा प्याला आणून घुसवावा का? एका मित्राशी यावरून माझं चांगलंच वाजलेलं. त्याचं म्हणणं होतं की हा शुद्ध चावटपणा आहे, स्किझोफ्रेनियाला लाल घोडेस्वार म्हटलं की तो देखणा होतो, प्रेक्षक म्हणतो वा, काय सुंदर वेडा आहे, आणि बाहेर पडल्यावर फुटपाथवरच्या खऱ्या वेड्याला वळसा घालून जातो. मुद्दा खोडायला सोपा नाही. मला त्यातलं अर्धं पटतं. पण उरलेल्या अर्ध्यावर मला बोलायचंय, कारण माझ्या मते या सिनेमात दंतकथा ही वरून लावलेली झालर नाहीये, खरा सामाजिक मुद्दा दंतकथेच्याच पोटात आहे आणि वास्तववादाने एकट्याने तो बाहेर आला नसता.

त्यासाठी मूळ गोष्ट बघायला लागेल. बाराव्या शतकाच्या शेवटी शेवटी क्रेतियाँ द त्र्वा नावाच्या फ्रेंच कवीने पर्सिव्हलची गोष्ट लिहिली. पर्सिव्हल हा खेड्यातला, आईने जंगलात वाढवलेला बावळट पोरगा, सरदार व्हायला निघालेला. रस्त्यात गुरू भेटतो, तो घोड्यावर बसायला शिकवतो, भाला धरायला शिकवतो आणि जाताना बजावतो, फार बोलत जाऊ नकोस, फार प्रश्न विचारू नकोस, बरं दिसत नाही. पुढे पर्सिव्हल एका जखमी राजाकडे मुक्कामाला जातो. राजाला चालता येत नाही, घोड्यावर बसता येत नाही, म्हणून तो होडीत बसून मासे पकडतो, म्हणून फिशर किंग, आपण कोळी राजा म्हणू. जेवताना समोरून एक विचित्र मिरवणूक जाते, टोकातून रक्त ठिबकणारा भाला, मागून ग्रेल, एकदा नाही, प्रत्येक वाढपाला. पर्सिव्हलच्या जिभेवर प्रश्न येतो. पण शिकवण आठवते आणि तो गप्प बसतो. सकाळी उठतो तर वाडा ओस. नंतर त्याला कळतं की नुसतं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता.

बघा हं, बाकी कुठल्याही वीरकथेत नायक चुकतो ते भित्रेपणामुळे किंवा गर्वामुळे. हा चुकला चांगल्या वळणामुळे! नसत्या चौकशा करू नयेत, दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसू नये, मोठ्यांच्यात मध्ये बोलू नये, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या आईने जे शिकवलं तेच. आणि क्रेतियाँची गोष्ट अर्धवटच राहिली, ती पुरी करण्याआधीच त्याचं लिहिणं थांबलं, त्यामुळे त्याचा राजा अजून तसाच पडून आहे म्हणायला हरकत नाही.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीने ती पुरी केली. त्याच्याकडे राजाचं नाव आन्फोर्टास, आणि त्याच्या पार्त्सिफालला दुसरी संधी मिळते, तो परत जातो आणि या वेळी विचारतो. प्रश्न काय, तर ‘ओहाइम, तुला काय होतंय?’ इंग्रजीत याचं ‘अंकल’ करतात आणि सगळी मजा जाते. जुन्या जर्मनमध्ये ओहाइम म्हणजे आईचा भाऊ, आणि आन्फोर्टास खरोखरच त्याच्या आईचा भाऊ असतो. म्हणजे जगातल्या एवढ्या गाजलेल्या प्रश्नाचं धड भाषांतर मराठीतच होतं, मामा, तुम्हाला काय होतंय? संपलं. तलवार नाही, राक्षस नाही. भाच्याने मामाची विचारपूस केली.

सिनेमात पॅरी ही गोष्ट सेंट्रल पार्कमध्ये, रात्री, गवतावर उघडाबंब पडून जॅकला सांगतो. त्याच्या गोष्टीत थोडा फरक आहे. राजा लहान असताना त्याला आगीत ग्रेल दिसतं, सत्ता आणि कीर्तीच्या मोहाने तो आगीत हात घालतो, ग्रेल नाहीसं होतं आणि हाताची जखम राहते, ती वयाबरोबर वाढत जाते, शेवटी त्याला कशातच अर्थ वाटेनासा होतो. एक दिवस एक खुळा वाड्यात शिरतो. तो खुळा आहे त्यामुळे त्याला राजा दिसतच नाही, एक एकटा, दुखणाईत माणूस दिसतो. काय होतंय म्हणून विचारतो. राजा म्हणतो तहान लागलीय. खुळा उशाशी पडलेला पेला घेतो, पाणी भरतो, देतो. राजा पितो आणि बघतो तर जखम बरी आणि हातात ग्रेल. माझ्या शूर, हुशार लोकांना जे मिळालं नाही ते तुला कसं सापडलं असं राजा विचारतो तर खुळा म्हणतो, ते मला माहीत नाही, तुला तहान लागली होती एवढंच मला माहीत होतं.

आता परत त्या खुर्चीतल्या माणसाकडे या. पैसे फेकणारा बघत नाही. खुळा बघतो. आठशे वर्षांच्या दंतकथेचा आणि १९९१ च्या न्यूयॉर्कचा सांधा इथे बसलाय, आणि मला सांगा, हा सांधा नुसत्या वास्तववादी सिनेमात कुठून आणणार? तिथे बेघर माणूस दिसला असता, त्याचा डबा, त्याची गोधडी, थंडी, पोलीस. आपण हळहळलो असतो. पण न बघण्याला आपण जे सभ्यपणा म्हणतो त्यावर बोट ठेवायला पर्सिव्हलच लागतो.

न्यूयॉर्कचं त्या वेळचं वास्तव काय होतं तेही बघू, कारण सिनेमा ते आकड्यांत सांगत नाही आणि न सांगता गृहीत धरतो. १९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांच्या वर माणसं होती. ती रुग्णालयं बऱ्याच ठिकाणी कोंडवाडेच होती, त्यामुळे नवीन औषधं आल्यावर माणसांना बाहेर काढायचं ठरलं ते चुकीचं नव्हतं. १९६३ मध्ये केनेडींनी कायद्यावर सही केली, गावोगावी मानसिक आरोग्याची केंद्रं होणार, लोक आपापल्या घरी राहून उपचार घेणार. दीड हजार केंद्रांचं स्वप्न होतं, निम्मीच झाली. १९९४ पर्यंत रुग्णालयांतली माणसं साडेपाच लाखांवरून ७२ हजारांच्या आसपास आली. बाकीची गेली कुठे? काही घरी गेली, काही बरी झाली, काही तुरुंगात गेली आणि काही ग्रँड सेंट्रलच्या बाकांवर. त्यात मॅनहॅटनमधली एका खोलीची स्वस्त हॉटेलं, जिथे असली एकटी माणसं कशीबशी भाडं भरून राहायची, ती पाडून किंवा सुधारून महागडी घरं झाली. १९७९ मध्ये बेघर पुरुषांच्या वतीने कोर्टात दावा पडला, १९८१ मध्ये शहराने प्रत्येक बेघर पुरुषाला निवाऱ्याचा हक्क देणारा करार मान्य केला. ज्या कॅलहनच्या नावाने तो दावा ओळखला जातो तो रॉबर्ट कॅलहन करार व्हायच्या आधीच रस्त्यावर मेला होता. आणि १९८७ मध्ये महापौर एड कॉच यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून जबरदस्तीने इस्पितळात न्यायची मोहीम काढली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, एक बाजू म्हणत होती हे माणसाचं स्वातंत्र्य आहे, दुसरी म्हणत होती थंडीने मरायचं कसलं स्वातंत्र्य.

या सगळ्या भांडणात ज्याच्याबद्दल भांडण चाललंय त्याला कोणी काय होतंय म्हणून विचारलं असेल का, ही शंका मला सिनेमाने दिली.

बरं, गिलियम हा काही भाबडा माणूस नाही. १९७५ मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदवीरांच्या टोळीने ग्रेलवरच सिनेमा काढला तो टेरी जोन्सबरोबर यानेच डायरेक्ट केला होता, आणि त्यात आर्थरची पूर्ण रेवडी उडवलेली. मधूनच एक आधुनिक इतिहासकार कॅमेऱ्यात बघून व्याख्यान देत असतो, घोड्यावरचा सरदार येऊन त्याला कापून काढतो, आणि शेवटी मोठ्या लढाईच्या ऐन वेळी आजच्या काळातले पोलीस गाडीतून येतात आणि राजालाच अटक करतात. खेळ खलास. म्हणजे दंतकथा वास्तवाला धडकली की दंतकथेचा कपाळमोक्ष होतो. सोळा वर्षांनी तोच माणूस तीच धडक परत घडवतो आणि या वेळी दोघंही उभे राहतात. ग्रँड सेंट्रलमधला नाचाचा सीन बघा. पॅरीचं लिडिया नावाच्या एका वेंधळ्या मुलीवर प्रेम आहे, तो रोज लांबून तिच्यामागे जातो, ती स्टेशनच्या गर्दीत शिरते आणि तो तिच्याकडे बघत असताना सगळी गर्दी अचानक जोड्याजोड्यांनी वॉल्ट्झ नाचायला लागते, मधल्या घड्याळावरून प्रकाशाचे कवडसे फिरायला लागतात. लिडिया दारातून बाहेर पडते आणि क्षणात सगळे परत ट्रेन पकडायला पळायला लागतात. डोळ्यांना गोड आहेच. पण मला त्यात दिसतं ते हे की हजार माणसांच्या गर्दीत एकच माणूस दुसऱ्याकडे नीट बघतोय, आणि तो वेडा आहे.

आर्थरला आजच्या काळात आणायचे उद्योग इतरांनीही केलेत. जॉर्ज रोमेरोने १९८१ मध्ये मोटरसायकलवरच्या सरदारांचा सिनेमा काढला, गावोगावी खेळ करत फिरणारी मंडळी, त्यांचा राजा एड हॅरिस, पैशाची तंगी, भ्रष्ट पोलीस. मला आवडतो तो. पण तिथे दंतकथा हा त्या लोकांनी पांघरलेला आदर्श आहे, फिशर किंगमध्ये ती दुखणं आहे आणि औषधही.

आता माझ्या मित्राचा अर्धा मुद्दा जो मला पटतो तो. पॅरी प्रोफेसर का? त्याचा प्रबंध फिशर किंगवरच का? त्याला वेड लागायला डोळ्यांदेखत बायकोचा खून का लागतो? कारण लेखकाला भीती आहे की नुसताच वेडा असेल, कारण नसताना वेडा, अशिक्षित, मळका, शिव्या देणारा, तर प्रेक्षक त्याच्यासाठी तिकीट काढणार नाही. म्हणजे सहानुभूतीसाठी आधी डिग्री दाखवा. आणि रस्त्यावरचा प्रत्येक फाटका माणूस हा मुळात कोणीतरी मोठा होता असं मानायची आपली हौस फार जुनी आहे. लिडियाचंही तसंच, तिला बिचारीला स्वतःचा जीव असा फारसा नाहीच, जॅकने पॅरीला द्यायचं बक्षीस म्हणून ती आहे. चायनीज हॉटेलातला तो जेवणाचा सीन, दोघं मिळून डंपलिंगची जी काही वाट लावतात, तेवढ्यात ती जिवंत होते. त्यामानाने ॲन शंभर टक्के खरी बाई आहे, जॅक तिला सोडून जायला निघतो तेव्हा ती जे फुटते ते बघून अंगावर काटा येतो, मर्सिडीज रूलला त्याबद्दल ऑस्कर मिळालं ते योग्यच. आणि शेवट तर सरळ गोड केलाय, इस्पितळातले सगळे पेशंट मिळून गाणं म्हणतात, सेंट्रल पार्कवर आतषबाजी. इतकं सोपं नसतं हो. त्या वॉर्डातले बाकीचे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी काय करत असतील?

पण एक सीन असा आहे की सिनेमा स्वतःचीच कॉलर धरतो. जॅक आता सुधारलाय, परत नाव मिळवलंय, पॅरी मात्र गुंडांचा मार खाऊन इस्पितळात निपचित पडलाय आणि हा त्याला विसरलाय. टीव्हीवाले त्याच्याकडे नवीन सिरियलची आयडिया घेऊन येतात. बेघर लोकांवर कॉमेडी! मजेशीर, शहाणे, रस्त्यावर राहणारे पण आयुष्यावर प्रेम करणारे, अजिबात डिप्रेसिंग नाही बरं का. जॅक ऐकतो, ऐकतो आणि उठून चालायला लागतो. माझ्या मित्राचा जो आरोप आहे तोच हा, शब्दशः, आणि तो सिनेमाच्या आतच करून ठेवलाय. म्हणजे करणाऱ्यांना माहीत होतं की आपण किती निसरड्यावर उभे आहोत. घसरले का? दोनतीनदा घसरले. पण डोळे उघडे ठेवून घसरणं आणि झोपेत घसरणं यात फरक आहे.

पैशाचंही बघा. जॅकला जेव्हा कळतं की पॅरीची ही अवस्था आपल्यामुळे झाली, तेव्हा पहिली गोष्ट तो करतो ती खिशात हात घालतो. पॅरीच्या हातात नोटा कोंबतो, त्याला हिशेब मिटवायचाय. पॅरी त्या नोटा घेतो आणि पलीकडच्या दुसऱ्या भिकाऱ्याला देऊन टाकतो. जॅकचा जीव खालीवर. तो खुर्चीतला माणूस आठवा, बघायला लागू नये म्हणून पैसे. इथे पैसे परत फिरवले गेलेत आणि बघणं काही टळत नाही. शेवटी जॅकला पॅरीची टोपी घालून, दोर टाकून त्या अब्जाधीशाच्या घराची भिंत चढायला लागते, ग्रेलवर काडीचा विश्वास नसताना. आत प्याला मिळतो, तो असतो शाळेतल्या कुठल्यातरी कार्यक्रमात मिळालेला बक्षिसाचा कप, बस. पण खुर्चीत तो म्हातारा अब्जाधीश गोळ्या खाऊन पडलेला, मरायला टेकलेला. जॅक पळता पळता मुद्दाम अलार्म वाजवतो म्हणून म्हातारा वाचतो. एवढ्या मोठ्या किल्ल्यात त्यालाही कोणी विचारलेलं नसतं. हा प्रसंग फार पटकन उरकलाय आणि बऱ्याच लोकांच्या लक्षातही राहत नाही, पण दंतकथेतला खराखुरा जखमी राजा तर तोच, पैसा, वाडा, सगळं असलेला.

जाता जाता, या कोळी राजाची आणि आपली ओळख तशी जुनी आहे. १९२२ साली टी. एस. एलियटने त्याला घेऊन ‘द वेस्ट लँड’ ही प्रसिद्ध कविता लिहिली, राजा किनाऱ्यावर गळ टाकून बसलाय, मागे ओसाड जमीन, आणि पाऊस येतो तो बृहदारण्यक उपनिषदातल्या मेघगर्जनेतून, दत्त, दयध्वम्, दम्यत. मधल्या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण मला उपनिषदापेक्षा जवळचं काहीतरी आठवतं. माझी आजी गुरुवारी दासगणूंची पोथी वाचायची. शेगाव, १८७८, एका घरी जेवणावळ झालीय, बाहेर उष्ट्या पत्रावळी टाकल्यात आणि एक तरुण त्यावरची शितं वेचून खातोय. लोक बघून पुढे जातायत, वेडा असेल. बंकटलाल तेवढा थांबतो आणि विचारतो, भूक लागली असेल तर तसं सांगा, अन्नाची सोय करतो. पुढे गजानन महाराज म्हणून सगळं जग त्यांच्या पाया पडायला लागलं ते नंतरचं. ज्या घटकेला बंकटलालने विचारलं त्या घटकेला समोर महाराज नव्हते, शितं वेचणारा एक माणूस होता. आमच्या आजीला यातला चमत्कार आवडायचा, मला आता वाटतं चमत्कार विचारण्यातच झाला होता. आपण मात्र उलटं शिकलो, की वेडा दिसला तर तो अवलिया निघू शकतो म्हणून सांभाळून असावं. आणि नाहीच निघाला तर? मग त्याच्यावर पोरं दगड मारतात, आणि मोठे ‘वेड पांघरून पेडगावला’ म्हणून हसतात.

१९८८ ची मुंबईतली गोष्ट आहे. भरत आणि स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ जोडपं हॉटेलात बसलेलं, बाहेर एक कळकट पोरगा नारळाच्या करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. ते उठून त्याच्याकडे गेले, आपल्या नर्सिंग होममध्ये आणून उपचार केले, तर तो निघाला आंध्रातला, बी. एस्सी. झालेला, लॅब टेक्निशियनचं शिकलेला, घरचे लोक शोधत होते. त्यातून पुढे श्रद्धा फाउंडेशनचं काम उभं राहिलं, कर्जतला केंद्र झालं, हजारो लोकांना बरं करून घरी पोचवलं, २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. तहानलेला माणूस, प्याला, आणि काय होतंय म्हणून विचारणारं कोणीतरी. पॅरीचीच गोष्ट की. फक्त एक आहे, ही गोष्ट आपण एकमेकांना सांगतो तेव्हा बी. एस्सी. वर जरा जोर देऊन सांगतो, मीही आत्ता दिलाच. तो चौथी नापास असता तर तहान कमी लागली असती का? हा दोष डॉक्टरांचा नाही, ते तर डिग्री कळायच्या आधीच उठले होते. ऐकणाऱ्यांचा आहे.

आणि नुसतं विचारून भागतं असं मी म्हणत नाहीये. विचारल्यावर खाट लागते, औषध लागतं, महिनोन्‌महिने कोणीतरी लागतं. आपल्याकडे १९५९ चा भिकाऱ्यांना उचलून आत टाकायचा कायदा आहे आणि २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदाही आहे, ज्यात रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला ताब्यात न घेता संरक्षणात घ्यावं, चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं असं लिहिलंय. एकाच फुटपाथवरच्या एकाच माणसाला कुठला कायदा लावायचा हे हवालदाराने ठरवायचं, आणि ते त्याने कशावरून ठरवायचं, तर विचारूनच ना? केनेडींच्या कायद्यातही शब्द चांगलेच होते.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, तू स्वतः कधी विचारलंयस का कोणाला?

विचारलं नव्हतं. आमच्या स्टेशनबाहेर स्कायवॉकच्या जिन्याखाली एक माणूस बसायचा, साठीचा असेल, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदांची फाईल, ती उघडून बोट फिरवत कोणाशी तरी मोठ्याने भांडत असायचा. तीनचार वर्षं मी येता जाता त्याच्यापुढे दहाची नोट ठेवायचो. चेहरा विचाराल तर मला सांगता आला नसता, फाईल निळी होती एवढं नक्की. मित्राशी बोलणं झालं त्याच आठवड्यात एकदा मुद्दाम थांबलो. लाज वाटत होती, लोक बघतायत असं वाटत होतं, आणि तोंडातून निघायला नको इतकं सिनेमातलं वाक्य निघालं, मामा, काय होतंय तुम्हाला?

त्याने फाईल मिटली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

“शुगर आहे,” म्हणाला. “पायाला जखम झालीय, भरत नाहीये.”

मी म्हटलं चहा आणू का.

“बिनसाखरेचा आण. आणि तो कोपऱ्यावरचा नको, तो पाणी घालतो.”